इम्पोर्ट केलं की चहा पिऊन या

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी सोलापुरात एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांना हाताशी धरून पायथनमध्ये गणिताची एक छोटी लायब्ररी केली आहे. मूळ अवयव, मसावि-लसावि, अपूर्णांक, बर्नूली संख्या, आलेख, शिवाय हौस म्हणून पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे. पोरांना ती आवडते. अडचण अशी की प्रोग्राम दोन ओळींचा असला तरी लायब्ररी इम्पोर्ट होण्यातच, म्हणजे प्रोग्रामच्या आत येण्यातच, सहा-सात सेकंद जातात, आणि तासाभरात एकेक पोरगं पंधरा-वीस वेळा प्रोग्राम चालवतं. घरच्या लॅपटॉपवर एवढा वेळ लागत नाही. आमच्या लॅबमधली चोवीस मशीन जुनी आहेत हे खरं, पण नव्यांसाठी निधी नाही. एक जण म्हणाला, सगळं सी भाषेत पुन्हा लिहा. तेवढी ताकद आमच्यात नाही. काय करावं?
— एक गणित शिक्षक, जुळे सोलापूर

उत्तर : सर, या सदरात मी एरवी घरबसल्या उत्तरं देते. पण तुम्ही जुळे सोलापुरात, मी सात रस्त्याजवळ, आणि घोडं कुठं पेंड खातंय ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय अशा दुखण्यावर औषध सांगू नये, असा माझा अनुभव. म्हणून रिक्षा करून आले. तुम्हाला सगळं ठाऊकच आहे, पण इतर वाचकांसाठी त्या शनिवार दुपारचा हिशेब इथे मांडते.

आधी सरांच्या लॉगिननं आणि मग विद्यार्थ्यांच्या लॉगिननं, एकाच मशीनवर, एकच प्रोग्राम चालवला. प्रोग्राम एवढाच की ६१७४ चे मूळ अवयव काढा. (हा देवळालीच्या कापरेकर मास्तरांचा आकडा. सरांच्या वर्गात तो भिंतीवर लावलेला आहे, हे मला फार आवडलं.) सरांच्या लॉगिननं ४.१ सेकंद, पोरांच्या लॉगिननं ६.८ सेकंद. मशीन तेच, डिस्क तीच, मग हे पावणेतीन सेकंद आले कुठून? ‘जुनी मशीन’ हे उत्तर तिथेच बाद झालं.

पायथनच्या ३.७ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, एक फार कामाची सोय आहे. पायथन चालवताना वजाचं चिन्ह, मोठा ‘एक्स’ आणि पुढे ‘इम्पोर्टटाइम’ असं लिहिलं की कोणती फाइल आत यायला किती वेळ लागला याची यादी पडद्यावर येते. आकडे मायक्रोसेकंदांत असतात. पहिला रकाना त्या फाइलनं स्वतः घेतलेल्या वेळाचा, दुसरा तिनं बोलावलेल्या फाइली धरून झालेल्या एकूण वेळाचा. दुसरा रकाना बघून दचकायचं, आरोपी मात्र पहिल्या रकान्यात शोधायचा. जी फाइल स्वतः काहीच करत नाही, फक्त दहा जणांना आमंत्रण देते, तिचा दुसरा आकडा भला मोठा दिसतो, आणि लोक तिलाच झोडपत बसतात.

सरांच्या यादीत मूळ संख्यांच्या फाइलसमोर पहिल्याच रकान्यात सतरा लाखांच्या वर आकडा होता. सतरा लाख मायक्रोसेकंद म्हणजे १.७ सेकंद. फाइल उघडली तर वरच इरॅटोस्थेनिसची चाळणी, मर्यादा एक कोटी. लायब्ररी इम्पोर्ट झाली की ती एक कोटीपर्यंतच्या सगळ्या ६,६४,५७९ मूळ संख्या शोधून यादीत भरून ठेवायची, मग कुणी काही विचारो न विचारो. मी विचारलं, “सर, एक कोटी का?” तर म्हणाले, “एका पोरानं गोल्डबाखच्या अंदाजावर प्रोजेक्ट केला होता, तेव्हा टाकलं. राहिलं ते राहिलंच.”

आता ६१७४ ला काय लागतं बघा. त्याचं वर्गमूळ ७८ च्या थोडं पुढे. ७८ पर्यंत मूळ संख्या एकवीस. त्यातही उत्तरात येतात त्या तीनच : २ गुणिले ३ चा वर्ग गुणिले ७ चा घन. तीन संख्यांसाठी साडेसहा लाखांची पंगत वाढून बसायचं! मी सरांना सुचवलं ते असं : सुरुवातीला हजारपर्यंतच्या १६८ मूळ संख्या ठेवा. त्या फाइलमध्ये सरळ लिहून टाकल्या तरी चालतील, आणि त्यांच्या जोरावर दहा लाखांपर्यंतच्या कुठल्याही संख्येचे अवयव निघतात. कुणी त्याहून मोठी संख्या दिली की तेव्हाच यादी लागेल तेवढी वाढवायची, आणि वाढवलेली यादी तो प्रोग्राम संपेपर्यंत टिकवायची. फ्रान्समध्ये बोर्दोला जन्मलेली ‘परी’ नावाची अंकशास्त्राची जुनी लायब्ररी आहे. ती सी मधून सुरू करताना दोन आकडे द्यावे लागतात : मेमरी किती घेऊ आणि मूळ संख्यांची मर्यादा किती ठेवू. मला ही रीत पटते. वापरणाऱ्याला विचारलेलं बरं, आपण कोटीच्या वार्ता करण्यापेक्षा.

गोल्डबाखवाल्या पोराचं काय? त्याच्यासाठी चाळणी एकदा चालवून तिचा निकाल फाइलमध्ये ठेवा. सम संख्या सोडल्या, तर एक कोटीपर्यंत पन्नास लाख विषम संख्या उरतात. प्रत्येकीला हो-नाही असा एक बिट, म्हणजे ६,२५,००० बाइट. मोबाइलमधल्या एका फोटोपेक्षाही कमी जागा. ती फाइल मेमरीशी जोडून घेतली, म्हणजे मॅप केली, तर जेवढ्या भागाला हात लागेल तेवढाच डिस्कवरून वाचला जातो.

बर्नूली संख्यांचंही तेच. ३०० व्या संख्येपर्यंत सगळ्या, नेमक्या अपूर्णांकांत, इम्पोर्टच्या वेळीच. ०.७ सेकंद. वापर कुठे? घातांच्या बेरजेच्या एका फंक्शनमध्ये, तेही वर्षातून एका आठवड्यात. वर गंमत अशी की पहिली सोडली तर विषम क्रमांकाच्या सगळ्या बर्नूली संख्या शून्य असतात, आणि सरांचं सूत्र त्या शून्यांनाही इमानेइतबारे गुणत बसलं होतं. (सर, हे तुम्ही फळ्यावर शिकवता. कोडमध्ये कसं विसरलात?) इथे फंक्शनवर पायथनचा तयार कॅश बसवला. एकदा काढलेलं उत्तर तो लक्षात ठेवतो, दुसऱ्यांदा विचारलं की लगेच देतो. एका ओळीचं काम.

मग आलेख. आलेख काढणारं फंक्शन लायब्ररीत एकच, पण त्यासाठी मॅटप्लॉटलिब ही आलेखांची तयार लायब्ररी पहिल्या ओळीवर इम्पोर्ट केलेली. पहिल्या ओळीवरून उचलून ती त्या फंक्शनच्या आत ठेवली की ज्याला आलेख हवा त्यालाच थांबावं लागतं. सरांनी विचारलं, “फंक्शन शंभर वेळा बोलावलं तर शंभर वेळा इम्पोर्ट होईल?” नाही. पहिल्यांदा आत आलेल्या मॉड्यूलची, म्हणजे इम्पोर्ट केलेल्या फाइलची, नोंद पायथन ठेवतं. दुसऱ्या वेळेपासून फक्त नोंदवही बघितली जाते.

आता त्या पावणेतीन सेकंदांचं कोडं. इथे मी अर्धा तास डोकं खाजवलं. शेवटी मागच्या बाकावरचं एक पोरगं म्हणालं, “मॅडम, ते रोज येतंय की, फाँट फाँट कायतरी.” काखेत कळसा! मॅटप्लॉटलिब पहिल्यांदा चालते तेव्हा मशीनवरचे सगळे फाँट धुंडाळून त्यांची यादी त्या खात्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी शोधायला नको. लॅबमध्ये विद्यार्थ्यांचं खातं सामायिक. कुणी काही बिघडवू नये म्हणून त्या खात्याला तात्पुरत्या फोल्डरखेरीज कुठेच लिहायची मुभा नाही. मग दर वेळी मॅटप्लॉटलिब तात्पुरता फोल्डर करायची, फाँटची यादी नव्यानं बनवायची, तसा इशारा पडद्यावर छापायची, आणि प्रोग्राम संपला की सगळं मातीमोल. १.३ सेकंद तिथे गेले. तो इशारा दोन वर्षं पोरं वाचत होती, पण सरांच्या लॉगिनला तो दिसतच नव्हता.

उरलेले १.४ सेकंद याच कुलपामुळे, फक्त दार दुसरं. पायथन तुमची फाइल वाचतं, तिचं आतल्या सोप्या सूचनांमध्ये रूपांतर करतं, आणि ते रूपांतर शेजारच्या ‘पायकॅश’ फोल्डरमध्ये ठेवून देतं. पुढच्या वेळी मूळ फाइलची बदलल्याची वेळ आणि आकार तोच असेल तर तयार माल वापरतं. पण फोल्डरमध्ये लिहायलाच बंदी असेल तर पायथन तक्रार करत नाही. मुकाट्यानं दर वेळी नव्यानं रूपांतर करतं. सरांची लायब्ररी पेन ड्राइव्हवरून चोवीस मशीनवर नुसती कॉपी केलेली, त्यामुळे तयार माल कुठेच नव्हता. पिपनं, म्हणजे लायब्रऱ्या बसवायच्या पायथनच्या साधनानं, बसवलेल्या लायब्रऱ्यांना हा त्रास सहसा होत नाही, कारण पिप बसवतानाच रूपांतर करून ठेवतं. उपाय पाच मिनिटांचा : अ‍ॅडमिन खात्यातून सगळ्या फाइलींचं रूपांतर करून ठेवणारं ‘कम्पाइलऑल’ एकदा चालवायचं, आणि मॅटप्लॉटलिबला ‘एमपीएलकॉन्फिगडिर’ या सेटिंगमधून मुलांना लिहिता येईल असा एक फोल्डर दाखवायचा.

रूपांतरातला मोठा वाटा पाढ्यांच्या फाइलचा निघाला. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, सातही पाढे एक ते हजारपर्यंत, आकड्यात आणि अक्षरात, सात हजार ओळी. सर, माझे वडील मिलमध्ये होते आणि त्यांना हे पाढे झोपेतून उठवलं तरी येत. म्हणून मला या फाइलबद्दल फार वाईट बोलवत नाही. पण औटकी म्हणजे साडेतीननं गुणणं. संगणकाला ते गुणायला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ त्या ओळी वाचायला लागतो. माणसाला पाठ केलेलं पटकन आठवतं, गुणायला वेळ लागतो. संगणकाचं उलट आहे. अक्षरी रूप हवं तर ते एका फंक्शननं तयार होतं, आणि शंभरपर्यंतच्या आकड्यांची नावं तेवढी लिहून ठेवली की झालं.

बेरीज करून बघू. रूपांतर १.४, फाँट १.३, मॅटप्लॉटलिब आत येणं १.३, चाळणी १.७, बर्नूली ०.७, आणि पायथन स्वतः व इतर किरकोळ ०.४. एकूण ६.८. संध्याकाळी निघताना पोरांच्या लॉगिननं ६१७४ चे अवयव अर्ध्या सेकंदाच्या आत आले. एक शब्दही सी मध्ये लिहिला नाही. सी मध्ये लिहून चाळणी वेगानं झाली असती, बर्नूलीही झाल्या असत्या. पण फाँटची यादी दर वेळी होतीच, आणि आलेख नको असताना मॅटप्लॉटलिब येतच होती. नको असलेलं काम वेगानं करून काय मिळवायचं?

एवढं सांगून थांबले असते तर सोपं होतं, पण ‘मागेल तेव्हा’ या पद्धतीचे चटके मी स्वतः खाल्लेत, तेही सांगते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी मी विंडोज ९५ च्या काळात डिझाइन आणि कॉस्टिंगचा प्रोग्राम लिहिला होता. टॉवेलला दोन बीम लागतात, एक पायाच्या ताण्याचा, एक वरच्या लूपचा. दोन्हींचं सूत किती, वजन किती, असा हिशेब. प्रोग्राम उघडला की कारखान्याची सगळी डिझाइनं वाचायची आणि प्रत्येकाचं वजन काढून तयार ठेवायचं, अशी माझी हुशारी. पडद्यावर पाऊण मिनिट काहीच दिसायचं नाही. मुकादम आयकॉनवर एकदा टिचकी मारायचा, काही हललं नाही की दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. तीन प्रोग्राम एकदम सुरू, मशीन ठप्प, आणि मला फोन, “ताई, तुमचं ते पुन्हा झोपलं.” त्याच कारखान्यात सकाळी सगळ्या डिझाइनांचे बीम कुणी भरत नसे. ज्याची ऑर्डर, त्याचा बीम. रोज त्या मागांच्या मधून चालत जात होते, तरी सुचलं नाही.

मग मी सगळं ‘मागेल तेव्हा’ केलं. प्रोग्राम झटक्यात उघडायला लागला, मुकादम खूश. पंधरा दिवसांनी रात्रपाळीत एक डिझाइन उघडेना. त्याची फाइल कुणीतरी पुसली होती. आधीच्या पद्धतीत हे सकाळी प्रोग्राम उघडतानाच कळलं असतं. आता कळलं रात्री दोनला, माग थांबल्यावर. म्हणून सर, मॅटप्लॉटलिब फंक्शनच्या आत नेली तरी ती मशीनवर आहे की नाही एवढी चौकशी सुरुवातीलाच करा. पायथनच्या ‘इम्पोर्टलिब’मध्ये ‘फाइंड स्पेक’ नावाचं फंक्शन आहे. ते मॉड्यूल आत न आणता ते सापडतं का एवढंच सांगतं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत, बाहेरच्या परीक्षकांसमोर, ‘असं मॉड्यूल नाही’ हे वाचायची वेळ पोरांवर नको.

वाट बघणं नाहीसं होत नाही, जागा बदलतं, हेही पोरांना सांगून ठेवा. आलेखाच्या प्रोग्रामला मॅटप्लॉटलिबसाठी अजूनही थांबावं लागेल, फक्त आता इम्पोर्टच्या ओळीवर नाही तर आलेखाच्या ओळीवर. कुणी फंक्शनचा वेळ मोजत असेल तर पहिली फेरी सोडून मोजावा. आणि लायब्ररी कधी एकाच वेळी अनेक थ्रेडमधून, म्हणजे एकाच प्रोग्रामच्या शेजारी-शेजारी चालणाऱ्या कामांतून, वापरली जाणार असेल तर मूळ संख्यांची यादी वाढवताना कुलूप लावा, नाहीतर दोघं एकदम वाढवायला बसतील.

अजून एक. लायब्ररी वाढली की प्रत्येक फंक्शनच्या आत इम्पोर्ट लिहिणं कंटाळवाणं होतं. ३.७ पासूनच मॉड्यूलमध्ये ‘गेटअ‍ॅट्र’ नावाचं फंक्शन लिहिता येतं, नावाच्या दोन्ही बाजूंना दुहेरी अंडरस्कोर. मॉड्यूलमध्ये नसलेलं नाव कुणी मागितलं की पायथन या फंक्शनला विचारतं, आणि ते तेव्हा हवी ती उपफाइल आत आणतं. सायपाय या वैज्ञानिक गणिताच्या लायब्ररीच्या उपविभागांना हीच युक्ती आहे. विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या सेज या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये तर यासाठी ‘लेझी इम्पोर्ट’ नावाचं स्वतंत्र साधनच आहे, कारण त्यात इतक्या लायब्रऱ्या एकत्र बांधल्यात की सगळ्या एकदम उठवल्या तर सकाळ तिथेच जाईल. पायथनमधले सगळेच इम्पोर्ट एका सेटिंगनं असे आळशी करता यावेत, असा ६९० क्रमांकाचा प्रस्ताव २०२२ मध्ये फेटाळला गेला. ज्याला हवं त्यानं तसं स्पष्ट लिहावं, हा ८१० क्रमांकाचा प्रस्ताव २०२५ मध्ये मान्य झाला. तुमच्या बत्तीस फाइलींना मात्र सध्या यातलं काही नको. मॅटप्लॉटलिब तेवढी आत गेली, बस्स.

निधी आला तर एसएसडी जरूर घ्या. मशीन सुरू केल्यावरची पहिली फेरी तिनं सुधारते, कारण तेव्हा सगळ्या फाइली खरोखर डिस्कवरून येतात. दुसऱ्या फेरीपासून त्या बहुतेक मेमरीतच सापडतात. म्हणून तर घरी मोजताना सगळं बरं दिसतं.

शेंगाचटणीबद्दल वहिनींना धन्यवाद सांगा. डबा परत पाठवायचा आहे.

प्रश्न : मी सोलापूरचाच, सध्या पुण्यात नोकरीला. सी प्लस प्लसमध्ये मॅट्रिक्स आणि त्रिकोणमितीची स्वतःची लायब्ररी लिहितोय. ‘मेन’च्या पहिल्याच ओळीवर ब्रेकपॉइंट लावला, तरी तिथे पोचायला तीन सेकंद लागतात. पहिल्या ओळीच्या आधी काय चालतं? साइनचं मोठं टेबल मी हेडर फाइलमध्ये स्टॅटिक व्हेक्टर म्हणून ठेवलं आहे, ते कारण असेल का? एकूण अकरा सीपीपी फाइली आहेत.

उत्तर : तूच उत्तर लिहून पाठवलंस की रे. हेडरमधलं स्टॅटिक म्हणजे ज्या ज्या फाइलीत हेडर जाईल तिथे त्याची वेगळी प्रत. अकरा फाइली, अकरा टेबलं, आणि अकराही ‘मेन’च्या आधी भरली जातात. सी प्लस प्लस १७ मध्ये ‘इनलाइन’ लिहिलंस तर सगळ्यांत मिळून एकच राहील. पण मी तेही करणार नाही. टेबल एका फंक्शनच्या आत स्टॅटिक म्हणून ठेव आणि फंक्शननं त्याचा संदर्भ परत द्यावा. पहिल्यांदा कुणी बोलावेल तेव्हाच ते भरलं जाईल, आणि दोन थ्रेड एकदम आले तरी ते एकदाच भरलं जाईल, याची हमी सी प्लस प्लस ११ पासून भाषाच देते. यानं आणखी एक दुखणं टळतं. वेगवेगळ्या फाइलींतले ग्लोबल ऑब्जेक्ट कोणत्या क्रमानं तयार होतील हे ठरलेलं नसतं, त्यामुळे एकानं दुसऱ्याचं टेबल वापरायला घेतलं आणि ते अजून रिकामंच, असं होऊ शकतं. आज चालतं, उद्या लिंक करताना फाइलींचा क्रम बदलला की पडतं.

टेबल लहान असेल तर कॉन्स्टएक्स्प्र कर, म्हणजे ते कंपायलरच भरून ठेवेल. मोठं असेल तर नको. कंपाइल होताना तू दमशील आणि एक्झिक्यूटेबल फुगेल. एवढं करूनही वेळ उरला तर लिनक्सवर ‘एलडी अंडरस्कोर डीबग’ हे सेटिंग ‘स्टॅटिस्टिक्स’ ठेवून प्रोग्राम चालव. लोडरनं स्वतः किती वेळ खाल्ला ते तो छापतो.

प्रश्न : आमचा यंत्रमागांच्या दुरुस्तीचा व्यवसाय आहे. मागाचं बेअरिंग जायच्या आधी ओळखावं म्हणून मुलानं कंप मोजणारा सेन्सर आणि एफएफटीडब्ल्यू ही लायब्ररी वापरून प्रोग्राम केलाय. ‘मेजर’ पर्याय ठेवला तर सुरू व्हायला फार वेळ लागतो, ‘एस्टिमेट’ ठेवला तर लगेच सुरू होतो. पण मुलगा म्हणतो, ‘मेजर’च चांगला. शिवाय कधीकधी पहिल्या मोजणीत सगळे शून्यच येतात.
— अशोक चौक, सोलापूर

उत्तर : दादा, मुलाचं बरोबर आहे, आणि तुमचंही. एमआयटीत मातेओ फ्रिगो आणि स्टीव्हन जॉन्सन यांनी केलेली ही लायब्ररी गणित करायच्या आधी ‘योजना’ आखते. एकच फूरिए रूपांतर, म्हणजे कंपातल्या वारंवारता वेगळ्या काढायचं गणित, बऱ्याच वाटांनी करता येतं. ‘एस्टिमेट’मध्ये ती अंदाजानं एक वाट निवडते. ‘मेजर’मध्ये वेगवेगळ्या वाटा तुमच्या मशीनवर खरोखर चालवून, वेळ मोजून, जलद वाट धरते. म्हणून सुरुवात लांबते. दिवसभर हजारो मोजण्या करायच्या असतील तर ते परवडतं, दहा मोजण्यांसाठी नाही.

पण दर वेळी नव्यानं मोजायची गरजच नाही. शोधलेली योजना फाइलमध्ये ठेवता येते. लायब्ररीवाले त्याला ‘विझ्डम’ म्हणतात. पहिल्या दिवशी मोजा, फाइल ठेवा, दुसऱ्या दिवसापासून ती आधी वाचायला सांगा. फक्त ही फाइल ज्या मशीनवर बनली तिथेच वापरा. घरच्या संगणकावरची उचलून कारखान्यातल्या छोट्या बोर्डावर टाकू नका. दुसऱ्या प्रोसेसरवर जलद वाट वेगळी असते.

शून्यांचं कारण सोपं आहे. ‘मेजर’ योजना आखताना तुमच्या त्याच अ‍ॅरेवर चाचण्या घेते आणि त्यातला डेटा पुसून टाकते. मुलगा आधी सेन्सरचे आकडे भरतोय आणि मग योजना आखतोय. उलटं करायला सांगा : आधी अ‍ॅरे, मग योजना, मग आकडे. आणि सेन्सर बेअरिंगच्या घराच्या लोखंडावर घट्ट बसवा. पत्र्याच्या झाकणावर लावला असेल तर मुलगा आत्ता झाकणाचाच आवाज मोजतोय.